‘पालकत्व’ : शब्दाचा अर्थ, उगम आणि अर्थसंकोच
(सातारा-सांगली परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

‘पालकत्व’ हा शब्द आज मराठीत प्रामुख्याने ‘पेरेंटिंग’ या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून वापरला जातो. त्यामुळे मूल वाढविण्याचे जन्मदात्या आई-वडिलांनी आत्मसात करावयाचे कौशल्य, एवढाच त्याचा अर्थ उरू लागला आहे. वस्तुतः या शब्दाच्या मुळाशी जन्म नसून रक्षण आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, कायद्यातील व शालेय व्यवहारातील त्याचा वापर, सातारा-सांगली परिसरातील त्याचे प्रत्यक्ष रूप आणि दोन मराठी कादंबऱ्यांतून दिसणारे त्याचे स्वरूप यांची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : पालक, पाल्य, संगोपन, अर्थसंकोच, वसतिगृह, ‘ययाति’, ‘बनगरवाडी’.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या प्रवेशाचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. खानापूर तालुक्यातील एक मुलगा आपल्या आजोबांना घेऊन आला. वडील सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त दक्षिणेत, आईही त्यांच्याबरोबर. अर्जावर ‘पालकाची सही’ असा रकाना होता. “आबा, इथं वडिलांची सही लागते,” असे मी त्यांना सांगितले. आजोबांनी अर्ज हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, “सर, दोन वर्साचा हुता तवापास्नं ह्यो माज्यापाशी हाय. मग म्या कोण ह्येचा?” त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. अर्ज परत दिला. वडिलांची सही होऊन तो चार दिवसांनी आला. सही कोणी केली असावी, हे मी विचारले नाही.

आजोबांचा प्रश्न भावनिक वाटला, तरी तो मुळात अर्थाचा प्रश्न होता. अर्जावर ‘वडील’ असे छापलेले नव्हते, ‘पालक’ असे छापलेले होते. छापलेल्या शब्दाचा अर्थ आजोबांना बरोबर कळला होता. तो संकुचित केला होता मी. ही चूक व्यक्तिगत होती की एकूण भाषाव्यवहारातच ती रुजली आहे, याचा शोध घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

शब्दाचा उगम

‘पालक’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आलेला तत्सम शब्द आहे. ‘पाल्’ या धातूचा अर्थ रक्षण करणे असा होतो. त्याला कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘पालक’, आणि त्यास ‘त्व’ हा भाववाचक प्रत्यय लागून ‘पालकत्व’ हे नाम सिद्ध होते. राज्यपाल, लोकपाल, द्वारपाल, गोपाळ ही याच कुळातील नावे होत. यांपैकी एकाही शब्दात जन्म देण्याचा अर्थ नाही. सर्वत्र भाव आहे तो सोपविलेल्या गोष्टीची राखण करण्याचा.

मराठीने याच धातूपासून ‘पाळणे’ हे क्रियापद घेतले आणि त्याला मोठा विस्तार दिला. आपण जनावर पाळतो, व्रत पाळतो, वेळ पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. शेवटच्या उपयोगात रक्षणाबरोबर बांधिलकीचाही अर्थ आहे. ‘संगोपन’ या शब्दातील ‘गुप्’ हा धातूही रक्षणार्थीच आहे. बोलीत मात्र यांपैकी कोणताही शब्द फारसा येत नाही. तेथे ‘सांभाळणे’, ‘वाढवणे’ आणि ‘लहानाचे मोठे करणे’ हेच प्रयोग चालतात. ‘याला आजीनं लहानाचं मोठं केलं’ या वाक्यात जन्मदात्रीचा अपमान आहे, असे कोणासही वाटत नाही.

जन्म आणि पालन यांतील भेद आपल्या परंपरेला पूर्वापार ठाऊक होता. यास्काने निरुक्तात ‘पिता’ या शब्दाचा उलगडा करताना रक्षण करणारा, पालन करणारा आणि जन्म देणारा असे पर्याय दिले असून त्यांत जन्म देणाऱ्याचा क्रम शेवटचा आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात दिलीप राजाचे वर्णन करताना हाच भेद अधिक ठळक केला. विनयाधान म्हणजे वळण व शिक्षण देणे, रक्षण आणि भरण या तीन कारणांनी राजा हाच प्रजेचा पिता ठरतो, त्यांचे स्वतःचे पिते केवळ जन्माचे निमित्त होत, असा त्याचा आशय आहे. हा राजस्तुतीचा भाग आहे, हे लक्षात ठेवूनही पालकत्वाची ही तीन अंगे पुढील विवेचनात कसोटी म्हणून उपयोगी पडतात.

इंग्रजी शब्दाशी तुलना

इंग्रजीत ‘पेरेंट’ आणि ‘गार्डियन’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘पेरेंट’चे मूळ जन्म देणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, तर ‘गार्डियन’चे मूळ पहारा देणे, राखणे या अर्थात आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मराठी ‘पालक’ हा ‘गार्डियन’चा सोयरा आहे. व्यवहारात मात्र त्याला दोन्ही शब्दांचा भार वाहावा लागतो.

‘पेरेंटिंग’ हा क्रियादर्शक शब्द त्या भाषेतही तुलनेने नवा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो सर्वत्र रूढ झाला. फिट्झह्यू डॉडसन या मानसशास्त्रज्ञाचे १९७० मधील ‘हाऊ टु पेरेंट’ हे पुस्तक त्या बदलाचे एक चिन्ह मानता येईल. ‘पेरेंट’ असणे हे तोवर मुख्यतः एक नाते होते, आता ते शिकून करावयाचे काम झाले. कुटुंबे लहान झाली, आजी-आजोबा दूर राहू लागले आणि अनुभवाने मिळणारे ज्ञान पुस्तकातून घ्यावे लागले, ही त्यामागील कारणे सहज समजण्यासारखी आहेत. अ‍ॅलिसन गोपनिक यांनी ‘द गार्डनर अँड द कार्पेंटर’ (२०१६) या ग्रंथात या कल्पनेवर टीका केली आहे. सुतार लाकडाला ठरविलेला आकार देतो, माळी रोपासाठी जमीन तयार करतो. मूल वाढविणे हे माळ्याचे काम असताना त्याला सुताराचे काम समजले गेले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे.

मराठीत व्याख्याने, शिबिरे, वृत्तपत्रांतील सदरे यांमधून ‘सुजाण पालकत्व’, ‘सजग पालकत्व’ असे शब्दप्रयोग आले, ते बहुतांशी या नव्या अर्थाने. जुन्या शब्दात नवा अर्थ भरला गेला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. भाषा अशीच वाढते. परंतु नव्या अर्थाने जुन्याला घराबाहेर काढले तर त्यास अर्थविस्तार न म्हणता अर्थसंकोच म्हणावे लागते.

कायदा, अर्ज आणि व्याकरण

कायद्याच्या मराठीत ‘पालक’ हा शब्द जुन्या अर्थाच्या अधिक जवळ राहिला. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा या दोहोंत विषय आहे तो अज्ञान व्यक्ती व तिची मालमत्ता यांच्या रक्षणाचा. तथापि १९५६ च्या कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पिता व ‘त्याच्यानंतर’ माता असा क्रम लावला. गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून पित्याच्या अनुपस्थितीतही, म्हणजे तो प्रत्यक्षात मुलाचा भार वाहत नसेल तेव्हाही, असा लावला. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने ‘पेरेंट’ व ‘गार्डियन’ यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या. बालकाची देखभाल व ताबा ज्याच्याकडे आहे, ती व्यक्ती या कायद्यात ‘गार्डियन’ होय. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य या दोन वर्गांतून घ्यावयाचे असतात. म्हणजे आजोबांना समितीवर बसण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती अर्ज वाचणाऱ्याच्या मनात.

व्याकरणाचा एक मुद्दा येथे नोंदविणे आवश्यक वाटते. ‘पालक’ हा शब्द पुल्लिंगी आहे. नियमाने त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘पालिका’ असे होईल, पण मराठीत ‘पालिका’ म्हटले की डोळ्यांसमोर नगरपालिका उभी राहते. आईसाठी या शब्दाचे स्वतंत्र रूप व्यवहारात उरलेच नाही. म्हणून शाळांना ‘माता-पालक संघ’ असा जोडशब्द करावा लागला. जी व्यक्ती पालनाचे बहुतांश काम करते, तिचेच नाव त्या शब्दात बाहेरून जोडावे लागावे, ही गोष्ट बोलकी आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचे नाव बंधनकारक केले. ही दुरुस्ती कागदावरील असली तरी तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

साताऱ्यातील पालकत्व

त्या इतिहासाची दोन पाने सातारा जिल्ह्यातील आहेत. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण, तर सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातील. या दांपत्याने पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेऊन डॉक्टर केले. पिंडदानासाठी किंवा वतनासाठी दत्तक घेण्याची रूढी आपल्याकडे जुनी होती. येथे मात्र जात आणि वारसा या दोन्ही प्रेरणा बाजूला पडल्या. ज्या मुलाला समाज जगू देणार नव्हता, त्याचे रक्षण हाच या दत्तकाचा हेतू होता. ‘पाल्’ या धातूचा मूळ अर्थ येथे अक्षरशः आचरणात आला.

दुसरे पान कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. भिन्न जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. कालिदासाची कसोटी लावली तर विनयाधान, रक्षण आणि भरण ही तिन्ही अंगे तेथे होती. भरणाचा भार मोठ्या प्रमाणावर लक्ष्मीबाई पाटील यांनी उचलला. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांना ‘रयत माउली’ म्हणून ओळखले जाते.

भाऊरावांना विद्यार्थी ‘अण्णा’ म्हणत. हे संबोधन भाषिक दृष्ट्या विचार करण्याजोगे आहे. या परिसरातील एकत्र कुटुंबांत मुले सख्ख्या वडिलांनाही अण्णा, तात्या, आबा, दादा अशा नावांनी हाक मारीत आली. घरातील इतर माणसे ज्या नावाने हाक मारतात, तेच नाव मूल उचलते. परिणामी बापाचे नाव घरातल्या सर्व मुलांचे सामाईक होते आणि काकाला व बापाला मारलेल्या हाकेत फारसा फरक उरत नाही. वसतिगृहातील मुलाने ‘अण्णा’ म्हटले तेव्हा त्याला नवे नाते शोधावे लागले नाही, घरातलेच नाते त्याने तेथे आणले. ‘पालक’ हा शब्द फारसा न उच्चारताही पालकत्व कसे वाटून घेतले जाई, याचे उत्तर या संबोधनांत आहे.

सांगलीकडील दोन लेखक, दोन कादंबऱ्या

वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. नात्यातील सखाराम खांडेकर यांच्याकडे दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. जन्म एका घरचा आणि नाव दुसऱ्या घरचे, हा भेद त्यांनी स्वतः अनुभवला होता. त्यांची ‘ययाति’ (१९५९) ही कादंबरी भोगलालसेची कथा म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ती पालकत्वाच्या उलटापालटीचीही कथा आहे. येथे पिता रक्षण करीत नाही, उलट पुत्राचे तारुण्य मागून घेतो. पुरू ते देतो. दिलीप हा जन्म न देताही पिता ठरला, ययाति हा जन्म देऊनही पालक ठरला नाही. प्रजापालक म्हणविणारा राजा घरातच पालकत्वाला पारखा झाला, हा या कादंबरीतील उपरोध आहे.

कादंबरीच्या रचनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. निवेदनाचा अधिकार ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आहे. पुरूला तो नाही. ज्याने सर्वांत मोठा त्याग केला, त्याचे मन आपण इतरांच्या तोंडून जाणतो. त्यागाचा गौरव होतो, पण त्यागी मुलाला काय वाटले हे त्याच्या शब्दांत कळत नाही. समीक्षेने खांडेकरांच्या आदर्शवादाची चर्चा पुष्कळ केली आहे. त्या मानाने या मौनाकडे पाहिले गेले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्यंकटेश माडगूळकर यांचे माडगूळ हे गाव सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) औंध संस्थानातील एका धनगरवाडीत घडते. कोवळ्या वयाचा मास्तर वाडीत येतो. मूल शाळेत पाठवायचे म्हणजे मेंढरांमागचा एक माणूस कमी करायचा, हा तेथील आई-बापांचा साधा हिशेब असतो. मास्तर घरोघर फिरतो, लोकांची कामे करतो, त्यांच्या भांडणांत पडतो आणि हळूहळू शाळा भरते. म्हातारा कारभारी या मास्तरामागे उभा राहतो. मुलांचा मास्तर आणि मास्तराचा कारभारी, अशी सांभाळण्याची एक साखळी तयार होते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे परागंदा होतात आणि शाळाही ओस पडते. मास्तराची निष्ठा कमी पडलेली नसते, पाऊस कमी पडलेला असतो. पालकत्व हे केवळ मनोवृत्तीवर किंवा कौशल्यावर अवलंबून नसून पाणी, चारा आणि रोजगार यांवरही अवलंबून असते, हे माडगूळकरांनी कोणताही उपदेश न करता दाखविले आहे.

याच माणदेशाच्या पट्ट्यातून आणि शेजारच्या खानापूर-विट्याकडून माणसे पुढे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेली. जावळी, पाटणकडची माणसे मुंबईत माथाडी म्हणून राबली. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांनी, चुलत्यांनी, मामांनी वाढविली. ‘पेरेंटिंग’च्या पुस्तकात या मुलांच्या पालकांसाठी प्रकरण नसते. अर्जावर त्यांच्यासाठी रकाना नसतो. आपल्या शब्दात मात्र त्यांच्यासाठी जागा होती.

जुन्या अर्थाच्या मर्यादा

येथवरचे विवेचन जुन्या अर्थाच्या बाजूने झाले. तरीही त्याचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. रक्षणाबरोबर सत्ता येते. ‘मायबाप सरकार’ म्हणणारा माणूस हात जोडून उभा असतो, आणि ‘पालकमंत्री’ या पदनामात जिल्हा हा आपोआप पाल्य ठरतो. ‘पाल्य’ या शब्दाचा अर्थच मुळी ज्याचे पालन करावयाचे तो, असा कर्मणी आहे. त्याने काही बोलावे, अशी या शब्दाची अपेक्षा नाही. पुरूचे मौन हे केवळ एका कादंबरीचे वैशिष्ट्य नसून ते या शब्दाच्या घडणीतही आहे. तसेच, सामाईक पालकत्वाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, असे विचारले तर उत्तर बहुधा आजी, काकू, मोठी बहीण असेच येते. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र हा आपण गौरवाचा विषय केला. संस्थेच्या अन्नखर्चाची वेळ त्या मंगळसूत्रावर का यावी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला.

या बाबतीत नव्या अर्थाचे ऋण मान्य केले पाहिजे. मुलाला मन असते, मारणे म्हणजे वळण लावणे नव्हे, बापानेही मुलाजवळ बसावे, या गोष्टी ‘सुजाण पालकत्वा’च्या चळवळीने मध्यमवर्गात तरी पोहोचविल्या. कालिदासाच्या तीन अंगांत मुलाचे ऐकून घेणे हे चौथे अंग नव्हते. ते नव्या अर्थाने दिले.

महाविद्यालयाच्या संदर्भात

अखेरीस हा प्रश्न आपल्याच दाराशी येतो. अनेक महाविद्यालयांत ‘पालक शिक्षक योजना’ आहे. नॅकच्या मूल्यांकनात मार्गदर्शक व विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाऊ लागल्यापासून तिची धारिका नीट ठेवली जाते. प्रत्येक शिक्षकाकडे विद्यार्थ्यांची यादी असते, बैठकांच्या तारखा असतात, सह्या असतात. प्रस्तुत लेखकाकडेही अशी धारिका आहे. तीत वर उल्लेखिलेल्या मुलाचे नाव होते आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक होता. आजोबांचे नाव कोठेही नव्हते. तो मुलगा कोणाजवळ राहतो, हे मला ठाऊक असूनही मी ते लिहिले नव्हते, कारण त्यासाठी रकाना नव्हता. ‘पालक’ हे बिरुद स्वतःच्या पदनामापुढे लावणाऱ्याने खऱ्या पालकाचे नाव वगळावे, याहून या अर्थसंकोचाचे जवळचे उदाहरण मला देता येणार नाही.

निष्कर्ष

१. ‘पालकत्व’ या शब्दाचे मूळ रक्षण व बांधिलकी यांत आहे, जन्मात नाही. व्युत्पत्तीने तो ‘गार्डियन’ या कल्पनेस अधिक जवळचा आहे.

२. ‘पेरेंटिंग’चा पर्याय म्हणून झालेल्या वापरामुळे त्याचा अर्थ आई-वडिलांच्या खासगी कौशल्यापुरता संकुचित होत आहे.

३. फुले दांपत्य, शाहू बोर्डिंग आणि स्थलांतरित कुटुंबे यांच्या उदाहरणांतून सातारा-सांगली परिसरात या शब्दाचा व्यापक अर्थ प्रत्यक्ष जगला गेल्याचे दिसते.

४. ‘ययाति’ व ‘बनगरवाडी’ या कादंबऱ्या अनुक्रमे पालकत्वाचा विपर्यास आणि त्याचा भौतिक आधार दाखवितात. पहिलीतील पुत्राचे मौन हे ‘पाल्य’ या शब्दातील मौनाशी जुळते.

५. जुन्या अर्थाची व्याप्ती आणि नव्या अर्थातील मुलाचे ऐकण्याची वृत्ती या दोहोंची आज आवश्यकता आहे. त्याची सुरुवात आपल्या प्रवेश अर्जापासून करता येईल. ‘पालकाचे नाव’ या रकान्याखाली ‘विद्यार्थी सध्या कोणाजवळ राहतो’ एवढी एक ओळ वाढवावी, आणि ती विद्यार्थ्यालाच भरू द्यावी. त्या ओळीत जे नाव येईल, त्याची सही आपण ग्राह्य धरावी.